मेटलचं बारसं 13 फेब्रुवारीला, पण जन्म कधी?

साताऱ्याच्या एका कॉलेज बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या मुलाचा प्रश्न आहे. दरवर्षी 13 फेब्रुवारीला 'आज हेवी मेटलचा वाढदिवस' अशा पोस्ट फिरतात, ते खरं मानायचं का? शिवाय त्यांच्या बँडला वर्षभरात रॉक-मेटलच्या इतिहासातल्या चार-पाच तारखा धरून छोटे कार्यक्रम करायचे आहेत. तर कुठल्या तारखा घ्याव्यात आणि त्या दिवशी काय वाजवावं?

तारीख खरी आहे. 13 फेब्रुवारी 1970, वार शुक्रवार. त्या दिवशी ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम इंग्लंडमधल्या दुकानांत आला. हेवी मेटल, म्हणजे जड, दणदणीत रॉक, तिथून सुरू झालं असं मानतात. 13 तारीख आणि शुक्रवार एकत्र आले की तिकडे अशुभ मानतात. व्हर्टिगो या रेकॉर्ड कंपनीने नेमका तोच दिवस साधला. आपल्याकडे कुणी भयपट मुद्दाम अमावस्येला लावावा, त्यातलाच प्रकार. म्हणजे या तारखेत जाहिरातवाल्याचं डोकं आहे, वाजवणाऱ्याचं नाही. मी तिला बारसं म्हणतो. मूल आधीच जन्मलेलं असतं, बारशाला फक्त पाहुणे येतात.

शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद साताऱ्यात राहून तुम्ही नक्कीच ऐकला असेल. रॉकच्या इतिहासातही तसाच घोळ आहे, फक्त इथे तीन-तीन तारखा असतात: गाणं रेकॉर्ड झालं तो दिवस, रेकॉर्ड इंग्लंडमध्ये विकायला आली तो दिवस आणि अमेरिकेत आली तो दिवस. याच अल्बमचं बघा. रेकॉर्डिंग 16 ऑक्टोबर 1969, इंग्लंडमध्ये विक्री 13 फेब्रुवारी, अमेरिकेत 1 जून 1970. दोन्हीकडच्या रेकॉर्डवरची गाणीही तंतोतंत सारखी नाहीत. इंग्लंडच्या तबकडीवर 'ईव्हिल वूमन' आहे, अमेरिकेच्या तबकडीवर तिच्या जागी 'विकेड वर्ल्ड'. सॅबथच्याच तिसऱ्या अल्बमच्या 21 जुलै आणि 6 ऑगस्ट 1971 अशा दोन तारखा सर्रास छापल्या जातात. म्हणून पोस्टर छापण्याआधी ही कुठली तारीख, हे स्वतःला विचारा.

मी पुण्यात गेली 27 वर्षं गिटार शिकवतोय आणि विद्यार्थ्यांबरोबर 13 फेब्रुवारी साजरा करत नाही. आम्ही 16 ऑक्टोबर धरतो. का, ते सांगतो.

लंडनमधल्या रीजंट साउंड स्टुडिओत चार पोरं शिरली. गिटारवर टोनी आयोमी, बेसवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायला ऑझी ऑसबोर्न. चौघांची वयं 20 ते 21. सगळे बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले, कारखान्यांच्या सावलीत वाढलेले. निर्माता रॉजर बेन, इंजिनिअर टॉम ॲलम. जवळपास सगळा अल्बम एका दिवसात उरकला. स्टेजवर वाजवायचे तसं एकत्र उभं राहून वाजवलं आणि ऑझी वेगळ्या कप्प्यात उभा राहून त्याच वेळी गायला. पुन्हा-पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, पैसेही नव्हते. आटोपलं आणि बँड स्वित्झर्लंडला वाजवायला निघून गेलं. सुरुवातीचा पाऊस, गडगडाट आणि घंटा हे आवाज नंतर चिकटवलेले आहेत.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जी पोस्टवाले कधी लिहीत नाहीत. आयोमी स्ट्रॅटोकास्टर गिटार घेऊन आला होता. पहिलं गाणं झालं आणि तिचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज अँपकडे पाठवणारा भाग, गेला. मग अडीअडचणीला म्हणून आणलेली गिब्सन एसजी त्याने उचलली आणि बाकीचं सगळं तिच्यावर वाजवलं. तो जाड, भरदार आवाज आज जगभर 'मेटलचा आवाज' म्हणून ओळखला जातो. त्यामागे एक बिघडलेला पिकअप आहे. माझ्याकडे येणारी मुलं तसल्या आवाजासाठी तीस-तीस हजारांचे आवाज बदलणारे पेडल घेतात, तेव्हा मी त्यांना ही गोष्ट ऐकवतो. पेडल घेतात ते घेतातच.

आता बोटांकडे येऊ, कारण माझ्या दृष्टीने खरी तारीख तिथे आहे आणि तिचं पोस्टर कुणीच काढत नाही. 1965 साली, सतराव्या वर्षी, आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा. एका बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं, म्हणून तो नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायची इच्छा नव्हती. आई म्हणाली, दिवस पूर्ण करून ये. त्या दिवशी प्रेसवर काम करणारी बाई आली नव्हती, म्हणून याला तिथे बसवलं आणि यंत्राने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. आयोमी डावखुरा आहे. म्हणजे उजवा हात हा त्याचा तारा दाबायचा हात. गिटारवाल्याला यापेक्षा वाईट काय होणार?

कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. 1928 मध्ये राहत्या गाडीला आग लागून जँगोचा डावा हात भाजला होता. त्यानंतर तो मुख्यतः दोनच बोटांनी जॅझ वाजवत आला. ती रेकॉर्ड ऐकून आयोमी पुन्हा बसला. भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांच्या टोप्या बनवल्या, त्यावर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. टोपीतून तार लागत नाही, म्हणजे किती दाबलं ते कळत नाही. मग त्याने पातळ तारा शोधल्या. तशा गिटारच्या तारा तेव्हा मिळत नव्हत्या, म्हणून वरच्या तारांच्या जागी बँजोच्या तारा लावल्या. पूर्ण सहा तारांचे कॉर्ड अवघड झाले, म्हणून दोन-तीन तारांवर भागणारे पॉवर कॉर्ड जास्त आले. तिसऱ्या अल्बमपर्यंत तर त्याने गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, ई वरून सी शार्पवर. तारा सैल झाल्या, बोटांना आराम पडला आणि आवाज पाताळातून आल्यासारखा झाला. आज मेटलवाले सरसकट खाली ट्यून करतात. त्यातल्या बहुतेकांची दहाही बोटं धड असतात.

तुमच्या बँडसाठी एक व्यवहाराची सूचना. पहिल्या अल्बमची गाणी साध्या ट्यूनिंगमध्येच आहेत, ती उगाच उतरवू नका. तिसऱ्या अल्बमचं 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' किंवा 'इंटू द व्हॉइड' घेणार असाल तर सी शार्पवर उतरवा, पण नऊच्या, म्हणजे पातळ तारांच्या, सेटवर नको. तारा दोरीसारख्या लोंबतात आणि जोरात मारलं की सूर वर चढून परत खाली येतो. अकराचा जाड सेट लावा. आयोमी पातळ तारांवर करतो, कारण त्याचा स्पर्श हलका आहे. तुमचा गिटारवाला वीस वर्षांचा आहे, तो हलका हात ठेवणार नाही.

आणि बेसवाला म्हणून तुम्हाला खास सांगायचं ते पहिल्या गाण्याबद्दल. अल्बमचं, बँडचं आणि गाण्याचं नाव एकच, 'ब्लॅक सॅबथ'. रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, तीन सुरांची: खालचा जी, वरचा जी आणि मग सी शार्प. जी ला सा धरा. सा, तार सा, तीव्र मध्यम. झालं. इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या ग्रहांवरच्या रचनेतला 'मंगळ' गीझरला फार आवडायचा आणि तो ते बेसवर वाजवायचा प्रयत्न करायचा. तिथून हे सूर या बँडमध्ये शिरले.

जी ते सी शार्प या स्वरांतराला पाश्चात्त्य संगीतात सैतानाचं नाव पडलं आणि 'चर्चने यावर बंदी घातली होती' अशी गोष्ट मेटलच्या प्रत्येक माहितीपटात सांगतात. बंदीचा पुरावा नाही. गायला कठीण आणि कानाला टोचणारं, म्हणून जुने रचनाकार ते टाळायचे, एवढंच. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शास्त्रीय गायन शिकलेली एक मुलगी गिटार शिकायला आली. तिला ही रिफ दाखवली आणि मोठ्या आविर्भावात म्हटलं, हे सैतानाचे सूर. तिने तंबोऱ्याचं ॲप लावलं, गुणगुणून पाहिलं आणि म्हणाली, "सर, हा तर यमनातला म आहे." मी हसलो, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. यमन आपण तिन्हीसांजेला गातो, लहान मुलांना पहिला शिकवतो. मग त्याच सुराची इथे भीती का वाटते? माझ्या मते संगतीमुळे. यमनात तीव्र मध्यमाच्या अवतीभवती गंधार, पंचम, धैवत अशी घरची माणसं असतात. तो थांबला तरी पुढे कुठे जाणार ते कानाला माहीत असतं. इथे त्याला एकटा सोडलाय. पंचम येतच नाही. सूर थरथरत ठेवलाय आणि मागे ड्रम मधूनच दणका देतो. तालमीत हे करून पाहा: तीच रिफ वाजवा आणि चौथा सूर म्हणून डी लावा. भीती जागच्या जागी विरते.

तर 16 ऑक्टोबरला काय करायचं? पहिला अल्बम किंवा तुमची स्वतःची पाच-सहा गाणी घ्या आणि एका दिवसात रेकॉर्ड करा. सगळ्यांनी एकत्र वाजवायचं, फार तर दोन टेक. चुका राहू द्या. कॉम्प्युटरवर तुकडे जोडायचे नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रयत्न ऐकवत नव्हता, पण त्या एका दिवसात ते एकमेकांचं ऐकायला शिकले. सहा महिन्यांच्या क्लासमध्ये मला ते जमलं नव्हतं.

दुसरी तारीख 27 सप्टेंबर. 1986 मध्ये या दिवशी पहाटे स्वीडनमध्ये मेटालिका या अमेरिकन मेटल बँडची बस रस्त्यावरून घसरून उलटली आणि बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला. वय 24. आदल्या रात्री स्टॉकहोममध्ये कार्यक्रम झाला होता. बसमधल्या झोपायच्या जागेसाठी पत्ते काढले, त्यात क्लिफला इस्पिकचा एक्का आला आणि त्याने गिटारवादक कर्क हॅमेटची जागा निवडली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मला ती सांगायला आवडत नाही. पत्ता कुठला आला यावरून त्याच्या वाजवण्यातलं काहीच कळत नाही. त्यापेक्षा त्याच वर्षी 3 मार्चला आलेल्या 'मास्टर ऑफ पपेट्स'वरचं 'ओरायन' ऐका. आठ मिनिटांहून मोठं, शब्द नसलेलं. मधल्या भागात सगळं शांत होतं आणि बेस एकटा चालत राहतो. तिथे बेस म्हणजे गिटारची सावली नाही, स्वतंत्र गळा आहे. क्लिफ बाख ऐकायचा आणि ते या मधल्या भागात दिसतं. तुम्ही बेसवाले आहात, या दिवशी बाकीच्यांना मागे उभं करा आणि हा भाग तुम्ही वाजवा.

'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणं मात्र घाईने हातात घेऊ नका. 2022 मध्ये एका मालिकेत ते वाजलं आणि माझ्याकडे एका महिन्यात तेच शिकायला पोरांची रांग लागली. वेग मिनिटाला 210 ठोक्यांच्या पुढे आहे आणि मेटालिकाचा जेम्स हेटफील्ड उजवा हात जवळपास सगळीकडे खालच्याच दिशेने मारतो. वर-खाली पिक (तारा छेडायची चकती) मारून वेग गाठता येतो, पण मग प्रत्येक ठोक्याला सारखा दणका राहत नाही आणि गाणं पोकळ होतं. 120 वर मेट्रोनोम लावा, आठवड्याला पाच-पाच वाढवा. मनगट दुखलं की थांबा. दुखणं म्हणजे मेहनत असं समजून एका मुलाने हात महिनाभर जायबंदी करून घेतला, दोष माझाही होता, मी वेळेवर थांबवलं नाही.

4 डिसेंबर नवशिक्यांसाठी. 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रोच्या कॅसिनोत फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन झाडली आणि इमारत जळाली. इंग्लिश रॉक बँड डीप पर्पल तिथेच रेकॉर्डिंगसाठी येऊन थांबले होते. सरोवरावर पसरलेल्या धुराचं गाणं झालं, 'स्मोक ऑन द वॉटर', ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक गिटार क्लासमध्ये ही रिफ पहिल्या आठवड्यात वाजते आणि दहांतले नऊ जण ती चुकीची वाजवतात, एका तारेवर किंवा पॉवर कॉर्डवर. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर शेजारच्या दोन तारा एकत्र, पिकने नाही तर बोटांनी ओढतो. दोन्ही तारा एकाच क्षणी सुटतात, म्हणून तो आवाज स्वच्छ येतो. एकदा तसं वाजवून बघा, जन्मभर पिक लावणार नाही.

8 डिसेंबर मी कार्यक्रमासाठी घेत नाही. 1980 मध्ये जॉन लेनन, 2004 मध्ये पँटेराचा डाइमबॅग डॅरेल, दोघेही याच तारखेला गोळ्या लागून गेले, डॅरेल तर स्टेजवर वाजवता वाजवता. या योगायोगावर भावुक पोस्ट लिहिण्यापलीकडे काही निघत नाही.

19 फेब्रुवारीला आयोमीचा जन्मदिवस आहे, 1948 चा. आणि 1980 मध्ये एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट याच तारखेला गेला. त्यानंतर पाचच महिन्यांनी, 25 जुलैला, नव्या गायकासह 'बॅक इन ब्लॅक' आला, तो किस्सा सांगण्यासारखा आहे. पण 19 फेब्रुवारीला साताऱ्यात तुमचा अँप कोण ऐकणार? त्या दिवशी ढोल-ताशात सामील व्हा, एसी/डीसी नंतर कधीतरी.

तुमच्या जवळचं म्हणून 5 सप्टेंबर घ्या. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी 1946 मध्ये झांझिबारला जन्मला, पण शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. तुमच्यापासून तासाच्या अंतरावर. पहिलं बँड 'हेक्टिक्स' त्याने तिथेच शाळेत केलं, त्यात तो पियानो वाजवायचा. क्वीन म्हणजे मेटल नाही असं कुणी म्हटलं तर 1974 चं 'स्टोन कोल्ड क्रेझी' वाजवा. मेटालिकाने पुढे तेच गाणं वाजवलं आणि त्यावर ग्रॅमी मिळवलं. वाजवायला अवघड आहे ते गिटारमुळे नाही, शब्दांमुळे. गायकाला श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही.

आणि 1 फेब्रुवारी. 2008 मध्ये आयर्न मेडन या इंग्लिश मेटल बँडने आपला जगभरचा दौरा मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक, बँड आणि सगळं सामान असलेलं बोइंग 757 त्यानेच उडवत आणलं. मी त्या गर्दीत होतो. पुण्याहून आम्ही सहा जण एका गाडीतून गेलो. सुरुवात 'एसेस हाय'ने झाली. त्याआधीची वीस वर्षं आम्ही ही गाणी कॅसेटच्या कॅसेटवरून केलेल्या कॅसेटवर ऐकली होती, इतकी घासलेली की बेस फक्त अंदाजाने कळायचा. मेडनचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसची बोटं तारांवर धावताना त्या रात्री पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसली. तो पिक लावत नाही हे मला माहीत होतं, पण हाताला ते खरं वाटत नव्हतं. परत आल्यावर मी बेस शिकवायची पद्धत बदलली.

राहता राहिला 22 जुलै, ऑझीची पुण्यतिथी. 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियममध्ये, त्याच ॲस्टनमध्ये, मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र आले. ऑझीला पार्किन्सन्स झालेला, तो सिंहासनावर बसून गायला. सॅबथने चारच गाणी घेतली: 'वॉर पिग्ज', 'एन.आय.बी.', 'आयर्न मॅन' आणि 'पॅरानॉइड'. त्यानंतर सतराव्या दिवशी तो गेला, वय 76. ही चार गाणी हाच तुमच्या जुलैच्या कार्यक्रमाचा सेटलिस्ट, वेगळा शोधू नका. 'एन.आय.बी.' बेसच्या एकट्या सोलोने सुरू होतं, ते तुम्हाला पोटापाण्याला पुरेल. 'पॅरानॉइड' शेवटी ठेवा. अल्बमला थोडी जागा उरली होती म्हणून ते घाईघाईत उभं केलेलं गाणं आहे, त्याला फार सजवू नका.

जुलैत साताऱ्याचा पाऊस म्हणजे गिटारच्या मानेची परीक्षा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नाही, त्याच सकाळी ट्यूनिंग आणि तारांची उंची तपासा. आणि सी शार्पची गिटार वेगळी ठेवा. स्टेजवर एकाच गिटारवर ट्यूनिंग बदलत बसलात तर गाण्यांमधल्या शांततेत प्रेक्षक चहा प्यायला जातात, आणि साताऱ्यात चहाची टपरी कधीच लांब नसते.